चिठ्ठी मागितली तर राग का यावा?

"विश्वास? तो तर पानिपतातच गेला!" हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय आणि किती वेळा स्वतः म्हटलंय, याची मोजदाद नाही. १४ जानेवारी १७६१ ला नानासाहेब पेशव्यांचा मुलगा विश्वासराव रणात पडला आणि मराठी माणसाला कायमचा पुरेल असा एक विनोद मिळाला. कुणी उधार मागितलं, की पानिपत. कुणी "माझ्यावर भरवसा ठेव" म्हटलं, की पानिपत. किराणा दुकानातली 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी त्याच घराण्यातली.

आता गंमत बघा. हाच पानिपतवाला माणूस घरी जाऊन काय करतो? वर्षभराची कमाई असलेली उभी बाग एका माणसाला नुसत्या तोंडी बोलण्यावर विकून टाकतो. का? तर तो 'आपला' आहे म्हणून! म्हणजे अनोळखी माणसाशी व्यवहार करताना आपल्याला पानिपत आठवतं आणि ओळखीच्याशी करताना साधा कागद-पेनही आठवत नाही. मधलं काही नाहीच.

आज या मधल्या जागेबद्दल लिहायचंय. थोडं मोठं होईल, चहा घेऊन बसा. आणि हो, हे वाचणाऱ्यांत आमच्या घरचीही मंडळी आहेत, त्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन वाचावं. कारण विषय तिथूनच निघाला.

माझं माहेर हिवरखेड. वऱ्हाडात या नावाची गावं एकाहून जास्त आहेत. अमरावतीकडे मोर्शी तालुक्यात एक आहे, आमचं ते अकोला जिल्ह्यातलं, तेल्हारा तालुक्यातलं हिवरखेड रूपराव. उत्तरेला सातपुडा, जवळच वारीला वान नदीवरचं धरण, आणि मोठ्या बाजाराला अकोट. कापूस पिढ्यान् पिढ्यांचा. ज्यांच्या विहिरीला पाणी टिकलं त्यांनी संत्रा लावला. आमच्या घरी दोन्ही.

ज्यांनी संत्रा फक्त टोपलीत पाहिलाय त्यांच्यासाठी हा धंदा कसा चालतो ते सांगते. वर्षाला दोन बहार. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणीला येतो. मृग बहार पावसाच्या तोंडाशी फुलतो आणि उन्हाळा लागता लागता निघतो. बरेच शेतकरी फळ स्वतः बाजारात नेत नाहीत. व्यापारीच बागेत येतो. झाडांमधून फिरतो, फांद्या वाकवून पाहतो, मनात आकडा धरतो. मग हजार फळांमागे इतके, नाहीतर कॅरेटमागे इतके, नाहीतर सगळी बाग उक्ती इतक्याला, असा सौदा ठरतो. व्यापारी विसार देतो. विसार म्हणजे एकूण रकमेतला थोडासा भाग, शब्द पक्का झाल्याची खूण. बाकीचे पैसे तोडणीच्या वेळी.

विसार घेतला त्या क्षणापासून बाग व्यापाऱ्याची. पण फळ कुठं आहे? तुमच्याच झाडावर! पाणी तुम्ही द्यायचं, फवारणी तुमची, राखण तुमची. दुसरा व्यापारी आला तर त्याला "विकली बाप्पा" म्हणून परत पाठवायचं, हेही तुमचंच काम.

इथं एक बारीक गोम आहे. तोडणीच्या आत भाव चढला, तर शेतकऱ्याला मागे फिरता येत नाही. व्यापारी सकाळीच माणसं आणि गाडी घेऊन हजर! पण भाव पडला, तर व्यापाऱ्याला मागे फिरायला काही करावंच लागत नाही. त्यानं नुसतं यायचं नाही. फोन उचलायचा नाही. विसार बुडाला तर बुडाला, पडलेल्या भावात सगळी बाग उचलण्यापेक्षा तो तोटा बरा. आणि फळ काही त्याची वाट बघत थांबत नाही. ते पिकतं, मऊ पडतं, गळतं.

भाव पडायला गावातलं कुणी काही करायला लागतं असंही नाही. आपल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. गेल्या काही वर्षांत त्यांनी संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं आणि तिकडे जाणारा माल कमी झाला. तिकडे अडलेल्या मालाचा भार इकडच्या बाजारावर पडतो आणि हिवरखेडच्या बागेत ठरलेला शब्द डळमळायला लागतो. शब्द देणाऱ्याची नियत तेव्हा कदाचित चांगलीच असेल. म्हणूनच मी नियतीची नाही, व्यवहाराची गोष्ट करतेय.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हेच झालं. व्यापाऱ्याचं नाव-गाव लिहीत नाही, लिहून काही साधायचंही नाही. आमच्या घरी त्यांचं येणं-जाणं वीसेक वर्षांचं. लग्नाकार्याला सगळ्यांत आधी हजर. माझ्या लग्नात पंगतीत वाढायलाही होते. आंबिया बहाराचा सौदा नेहमीसारखा अंगणात, खाटेवर बसून झाला. विसार आला. मग भाव पडला. ठरलेली तारीख गेली, दिवाळी गेली, फोन लागेना. मोठे काका म्हणत राहिले, "येतील, अडकले असतील, घरचाच मानूस हाय." अर्ध्याहून जास्त फळ खाली पडलं. उरलेलं मिळेल त्या भावात काढलं. पुढं उन्हाळ्यात ते गृहस्थ आले, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "काकाजी, मीही बुडालो." काकांनी त्यांना जेवू घालून पाठवलं.

जेवू घातलं याबद्दल माझी तक्रार नाही. ती आमच्या घराची रीत आहे, ती मोडू नये.

आता यंदा ते पुन्हा बाग मागायला आलेत. काका द्यायला तयार. चुलतभाऊ म्हणतो, द्या, पण यावेळी चिठ्ठी करून घ्या. आणि त्यावरून घरात महाभारत! काकांचं म्हणणं, "इतक्या वर्षांचा संबंध. त्याले चिठ्ठी कशी मांगाव? चिठ्ठी मांगितली म्हंजे विश्वास नाई असा अर्थ होते." रोज कुणाचा तरी फोन येतो. "तूच सांग बाई." मग मी म्हटलं, एकदाच लिहून टाकते, सगळे वाचा.

माझं मत असं आहे की आपण ज्याला सरसकट 'विश्वास' म्हणतो, त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक भीड, दुसरी अडचण आणि तिसरा खरा विश्वास. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. तिन्हींत माणूस कागद मागत नाही. पण कारणं वेगळी.

भीडेचं आपल्या पूर्वजांनीच सांगून ठेवलंय, भीड ही भिकेची बहीण. मागितलं तर समोरच्याला वाईट वाटेल, लोक काय म्हणतील, इतकी वर्षं नाही मागितलं आणि आताच कसं मागायचं... हा सगळा भीडेचा कारभार. यात समोरच्यावर भरवसा आहे की नाही हा प्रश्न आपण स्वतःला विचारतच नाही. विचारायचं धाडस होत नाही म्हणून 'विश्वास आहे' असं म्हणून मोकळं होतो.

अडचण त्याहून जुनी आणि जास्त कडू. "पूर्वी सगळं तोंडी चालायचं, एका शब्दावर लाखाचे व्यवहार व्हायचे," असं म्हातारी माणसं सांगतात आणि आपण माना डोलावतो. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण वऱ्हाडातल्या साध्या शेतकऱ्याला विचारा. पेरणीला पैसे ज्या सावकाराकडून घेतले, कापूस त्यालाच घालायचा. तो म्हणेल तो भाव, त्याचीच तागडी, त्याचंच खातं. कडता त्यानं कापायचा, धर्मादाय त्यानं वजा करायचं. शेतकरी काही बोलायचा नाही. हा विश्वास होता? जायला दुसरं दारच नव्हतं! ज्याला दुसरीकडं जाता येत नाही त्याच्या गप्प बसण्याला विश्वास म्हणणं ही त्याची थट्टा आहे.

आणि कागद असला म्हणजे सगळं भागतं असंही नाही, हे चुलतभावानंही लक्षात घ्यावं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं गाठली आणि पुणे-नगर भागात तो वणवा पसरला. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांचा रोख मुख्यतः कशावर होता? कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. ते ओढून काढून जाळले. म्हणजे तिथं कागद होताच की! पण तो एकाच्याच घरात होता, एकालाच वाचता येत होता आणि दुसऱ्याचा फक्त अंगठा होता. पुढं १८७९ साली सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, त्यात रोखे नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर लिहिण्याची तजवीज केली आणि कोर्टाला रोख्याच्या मागचा खरा व्यवहार तपासायची मुभा दिली. मला यातून इतकंच दिसतं की कागद आहे की नाही हा अर्धाच प्रश्न. उरलेला अर्धा हा, की कागद दोघांच्या हातात आहे का आणि दोघांना वाचता येतो का?

याबाबतीत आपल्या वऱ्हाडाला एक मान आहे, आणि आपल्याच लोकांना तो माहीत नसतो. १८८६ साली, वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात असताना, हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानं कारंज्याचा कापूस बाजार नियमाखाली आला. हे आताच्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचं नाव घेतात. मग १८९७ साली खास वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. आजच्या बाजार समित्यांचं मूळ तिथं आहे. इंग्रजांना शेतकऱ्याचा पुळका आला होता असं अजिबात नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस बिनबोभाट मिळावा, ही त्यांची गरज. पण झालं काय, की दलाल आणि तोलारी परवान्याखाली आले आणि मनमानी कपातींना चाप बसला. पूर्वी भाव रुमालाखाली बोटं धरून ठरायचे. बैलबाजारात ही रीत पुष्कळांनी पाहिली असेल. दोन माणसांना कळायचं, तिसऱ्याला नाही, आणि तो तिसरा म्हणजे बहुतेकदा मालाचा धनी! उघड्या हर्रासात मात्र चार लोकांसमोर बोली होते आणि धन्याच्याही कानावर पडते.

मला हे महत्त्वाचं वाटतं. बोली उघड झाली, वजनकाटा तपासला गेला, म्हणून काही शेतकरी आणि अडत्या यांच्यातला जिव्हाळा संपला नाही. उलट जिव्हाळ्याला जागा मिळाली. कारण आता शेतकरी त्याच अडत्याकडे जात असेल, तर तो जावंसं वाटतं म्हणून जात होता.

दुसरं दार बंद करणारा दरवेळी सावकारच असतो असंही नाही. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. राज्यातला कापूस सरकारलाच घालायचा, खाजगी व्यापाऱ्याला विकायचा नाही. हेतू चांगला होता, हमीभावाचा आधारही काही वर्षं मिळाला. पण चुकारे वेळेवर मिळण्याची मारामार! घरोघरी त्या काळातल्या रांगांच्या आणि तारखांच्या कहाण्या आहेत. शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस रातोरात सीमेपलीकडे जायचा. तो एकाधिकार पुढं २००० नंतरच्या काही वर्षांत गळून पडला. खरेदीदार साक्षात सरकार असलं तरी एकच दार असलं की विश्वास राहत नाही, नुसती वाट बघणं राहतं.

मग खरा विश्वास कसा असतो? माझ्याकडे त्याचं एक उदाहरण आहे, आणि तेही आमच्याच घरातलं.

बाबा आयुष्यभर अकोटच्या एकाच अडत्याकडे कापूस नेत. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. बाबा त्यांना 'शेठजी' म्हणत, ते बाबांना 'पाटील'. पण चाळीस वर्षांत बाबांनी एकदाही पट्टी घेतल्याशिवाय यार्ड सोडलं नाही. वजन, भाव, हमाली, तोलाई, वजावट, सगळं लिहिलेली ती पट्टी. घरी येऊन आईला वाचून दाखवत आणि खिळ्याला अडकवत. एका वर्षी हंगाम ऐन भरात असताना शेठजींचा निरोप आला, "पाटील, यंदा माल दुसरीकडं न्या. माह्याकडं पैसा गुतला हाय. तुमचा चुकारा टायमावर नाई होनार."

विचार करा. बाजार समितीच्या नियमानं चुकारा चोवीस तासांत व्हायला हवा, पण तो किती ठिकाणी होतो हे शेतकऱ्याला विचारा. शेठजी गप्प बसले असते तर बाबा माल घेऊन गेलेच असते. "पुढच्या महिन्यात देतो" म्हटलं असतं तर बाबा थांबलेही असते. त्या मालावर शेठजींचा अडकलेला गाडा निघाला असता. पण त्यांनी स्वतःहून गिऱ्हाईक दुसऱ्या दारात पाठवलं. पुढच्या वर्षी बाबा पुन्हा त्यांच्याकडेच गेले, आणि पुन्हा पट्टी घेतली!

माझ्या मते धंद्यातली मैत्री ती ही. मित्र म्हणवणारा माणूस तुमच्या जाण्याचा रस्ता अडवत नाही, गरज पडली तर तोच दाखवतो. लग्नात पंगत वाढणं ही चांगली गोष्ट आहे, पण तो आपलेपणा झाला. व्यवहारातला विश्वास वेगळ्या ठिकाणी तपासला जातो. स्वतःचं नुकसान होत असताना माणूस तुम्हाला खरं काय ते सांगतो का, आणि वेळेवर सांगतो का, तिथं. आमचे संत्र्याचे व्यापारी "मीही बुडालो" म्हणाले, ते खरंच असेल. पण ते उन्हाळ्यात म्हणाले. तेच वाक्य त्यांनी फळ झाडावर असताना फोन करून सांगितलं असतं, तर निम्मी बाग वाचली असती आणि काकांचा विश्वास शंभर टक्के खरा ठरला असता.

आता काकांच्या बाजूनं बोलते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. कागदानं संबंध बिघडतात हे त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये स्ट्यूअर्ट मॅकॉले नावाचे कायद्याचे प्राध्यापक होते. त्यांनी तिथल्या कारखानदार-व्यापाऱ्यांशी बोलून १९६३ साली एक लेख लिहिला, तो आजही वाचला जातो. त्यांना दिसलं ते असं, की हे पक्के धंदेवाईक लोकही करारावर बोट ठेवून क्वचितच चालतात. फोन करतात, बोलतात, सांभाळून घेतात. भांडण झालं तरी करारातली कलमं काढत नाहीत आणि वकिलाला मध्ये आणणं त्यांना नकोसं वाटतं. म्हणजे काका एकटे नाहीत, अमेरिकेतही काका आहेत!

पण फरक बघा. ते दोघं साधारण बरोबरीचे. एकानं दगा दिला तर दुसऱ्याला दुसरा पुरवठादार, दुसरा ग्राहक आहे. पुन्हा पुन्हा व्यवहार करायचाय, धंद्यातल्या लोकांत नाव जपायचंय. शिवाय यंत्राचा सुटा भाग महिनाभर पडून राहिला तर सडत नाही. संत्रा सडतो. बरोबरीच्या माणसांना शब्द पुरतो. जिथं एकाचा माल झाडावर लटकलेला आहे आणि दुसऱ्याचे पैसे खिशात सुरक्षित आहेत, तिथं नुसता शब्द एकाच बाजूला जड पडतो. चिठ्ठी ही बरोबरी थोडीशी परत आणते, बस. ती अविश्वास दाखवायला नसते.

चिठ्ठीनं मैत्री तुटते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या वहिनीच्या बचत गटात येऊन बसावं. सगळ्या एकाच गल्लीतल्या. एकमेकींच्या बाळंतपणाला धावणाऱ्या, उसनी साखर मागणाऱ्या, भांडणाऱ्या आणि संध्याकाळी पुन्हा ओट्यावर बसणाऱ्या. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळानं आणि पुढं उमेद अभियानानं हे गट गावोगाव नेले. त्यांची पंचसूत्री ठरलेली: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब. बैठकीत वही सगळ्यांसमोर वाचतात. कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, सगळं मोठ्यानं. जिचा राहिला तिनं कारण सांगायचं. वाईट वाटतं का? वाटत असेल घडीभर. पण वही वाचली म्हणून कुणी रुसून गट सोडल्याचं मी ऐकलं नाही. उलट वही वाचणं थांबलं की कुजबुज सुरू होते आणि मग गट फुटतो.

घरातल्या बायांना जे कळलंय ते अंगणातल्या खाटेवर बसणाऱ्या पुरुषांना का कळू नये? (काका, रागावू नका. पण खरंच का कळू नये?) मला वाटतं फरक इतकाच, की गटात वही पहिल्या दिवसापासून होती. नियमच तो. त्यामुळे ती कुणा एकीवर संशय म्हणून आली नाही. आपल्याकडे चिठ्ठी येते ती नेमकी एकदा तोंड पोळल्यावर. म्हणून ती बोट दाखवल्यासारखी वाटते. उपाय साधा आहे. चिठ्ठी सगळ्यांनाच लागू करायची. जुन्यांना, नव्यांना, सोयऱ्यांना, सगळ्यांना. "आमच्या घरी आता अशीच रीत आहे," म्हटलं की संपलं. रीतीचा राग कुणाला येत नाही.

आणि चिठ्ठीत असं काय मोठं लिहायचं असतं? झाडं किती. भाव कसा, हजारी, कॅरेटवर की उक्ता. विसार किती आणि कधी दिला. तोडणी कोणत्या तारखेपर्यंत पुरी करायची. बाकी रक्कम कधी. गारपीट झाली, फळगळ झाली तर नुकसान कुणाचं. तारखेला माल उचलला नाही तर विसार ठेवून बाग दुसऱ्याला विकायची मोकळीक. दोन सह्या, दोन साक्षीदार, दोन प्रती. एक पान पुरतं. १८७२ चा करार कायदा तोंडी करारही मानतो, हे खरं. पण वेळ आली की तोंडी गोष्ट शाबीत करायची कशी? विसार फोनवरून आला तर त्याची तारीख-रक्कम राहते, पण तो कशाबद्दल आला आणि पुढं काय ठरलं होतं, हे फोनला माहीत नसतं.

यादीतलं ते शेवटचं कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, दुसऱ्याला विकायची मोकळीक. कोर्टकचेरी आपल्याला करायचीच नाही. वीस वर्षांच्या माणसावर कोण केस करतंय! पण अमुक तारखेनंतर बाग आपली, एवढं लिहिलेलं असलं की वाट बघत फळ सडवायची पाळी येत नाही. भीडही राहत नाही, कारण तारीख दोघांनी मिळून लिहिलेली असते. उशीर झाला तर व्यापाऱ्यालाही फोन करून सांगायला एक निमित्त मिळतं. चांगल्या माणसाला चांगलं राहायला ही चिठ्ठी मदतच करते. पडत्या भावात माणसाची परीक्षाच बघायची, हा अट्टाहास कशाला?

राहता राहिला प्रश्न, चिठ्ठीचं पहिलं कुणी बोलायचं? आजवर आपण धरून चाललो की ज्याला गरज त्यानं मागायचं. म्हणजे शेतकऱ्यानं तोंड वाईट करून घ्यायचं आणि व्यापाऱ्यानं मोठ्या मनानं सही करायची, किंवा रुसायचं. मला हे उलटं वाटतं. मोडलं तर ज्याचं कमी नुकसान होणार आहे, त्यानं कागद आधी पुढं करावा. मागायची वेळच येऊ देऊ नये. अकोटच्या शेठजींकडे बाबांना पट्टी कधी मागावी लागली नाही. पैसे मोजायच्या आधी ती हातात असायची.

आणि समजा नाही केली पुढं, आपल्याला मागावी लागली, तर? तर खुशाल मागावी, हसत, चहा देता देता मागावी. जो खरा मित्र आहे तो म्हणेल, "बरं झालं, माह्या बी ध्यानात राह्यते." आणि जो त्यावर रुसेल, त्याचा रुसवा फळ झाडावर असतानाच कळलेला बरा.

असो. पटलं तर सांगा, नाही पटलं तर जास्तच सांगा. काकांसकट सगळ्यांचं ऐकायची तयारी आहे.